कठडा नसलेली गुराब

शिरूर हे गाव सरळ रेषेत मोजले तरी समुद्रापासून शंभर मैलांच्या आसपास आत आहे. गावाजवळून वाहणारी घोडनदी भीमेस मिळते. जिच्या काठी दौंड वसले आहे ती भीमा पुढे कृष्णेस मिळते. आणि हे सारे पाणी अखेर पूर्वसमुद्रास जाते. म्हणजे आमच्याकडच्या नद्यांनीसुद्धा कोंकणच्या समुद्राकडे पाठ फिरविलेली आहे. अशा गावी राहून तीस वर्षे इतिहास शिकविणाऱ्या मनुष्याने शिडाच्या लढाऊ जहाजांविषयी लिहावयास बसावे, हे वाचकांस थोडे विचित्र वाटेल. परंतु हा विषय मी शोधून काढलेला नाही. तो दौंडाहून एका खोक्यात बसून माझ्या घरी आला.

दौंडास माझी बहीण असते. तिचे यजमान रेल्वेत नोकरीस आहेत. त्यांचा मुलगा नववीत शिकतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत तो एक मोठे खोके काखेत मारून शिरूरास आला. त्यात एका इंग्रज फ्रिगेटीची प्रतिकृती जुळविण्याचे सुटे भाग होते. फ्रिगेट म्हणजे तीन डोलकाठ्यांचे, चपळ, तोफांची एकच मुख्य रांग असलेले लढाऊ जहाज. माप एका फुटास एक अष्टमांश इंच. म्हणजे दीडशे फुटांचे जहाज सुमारे एकोणीस इंचांत बसविलेले. या मापाने साडेपाच फुटांचा खलाशी पाऊण इंचदेखील भरावयाचा नाही. हा संच कोणत्या कंपनीचा होता हे सांगण्याचे कारण नाही; असल्या संचांचे गुणदोष बहुधा सारखेच असतात.

मुलाने दोन दिवसांत सांगाडा उभा केला आणि तिसऱ्या दिवशी तो तोंड पाडून बसला. पुस्तकातील चित्रे आणि समोरची वस्तू यांचा मेळ बसेना. "मामा, ह्यात पुष्कळ गोष्टी दिलेल्याच नाहीत," अशी त्याची तक्रार. आणि ती खरी होती. तोफा होत्या, परंतु त्या तुतकास, म्हणजे जहाजाच्या वरच्या फळ्यांच्या भुईस, नुसत्या चिकटवावयाच्या होत्या. वस्तुतः तोफ उडाली की ती मागे उसळते; तिला आवरण्याकरिता तिच्या बुडाभोवतून एक जाड दोर घेऊन तो जहाजाच्या बाजूस कड्यांत अडकविलेला असतो, आणि तोफ पुन्हा पुढे ओढण्यासाठी दोहों बाजूंस कप्प्या असतात. हा दोर नसेल तर तोफ शत्रूपेक्षा आपलीच माणसे अधिक मारील. डोलकाठीवर चढण्यासाठी दोरांच्या शिड्या असतात. त्यांच्या पायऱ्यांत खरोखर सव्वा फुटाहून अधिक अंतर नसावयाचे. संचातल्या शिडीत ते साडेतीन फूट भरत होते. अशा शिडीवर चढावयास प्रत्येक खलाशी मारुतीच असावयास हवा! तळाला तांब्याचे पत्रे मारलेले असतात, कारण उष्ण समुद्रातील किडे लाकूड पोखरून टाकतात. संचात त्या पत्र्यांच्या जागी नुसता गुळगुळीत तांबडा रंग सांगितला होता.

मग आम्ही दोघांनी उणिवा भरावयास घेतल्या. शिवणाच्या दोऱ्यास मेण लावून त्याचे दोरखंड केले, कागदाच्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे कापून पत्रे केले, आणि शिड्या नव्याने विणल्या. या कामात माझ्या ध्यानी एक गोष्ट आली. आम्हांस अडचण पडली ती हातांच्या कसबाची. माहितीची अडचण अशी कोठे पडलीच नाही. तोफेचा दोर किती जाड, पत्रा किती लांब, नांगर कोठे टांगावयाचा, इतकेच काय, खलाशांच्या शौचाच्या जागा कोठे, हे सारे कोठे ना कोठे लिहिलेले किंवा रेखाटलेले सापडत होते. इंग्रजांच्या आरमारखात्यात जहाज बांधण्यापूर्वी त्याचे रेखाचित्र बहुधा एका फुटास पाव इंच या मापाने काढीत. त्यांतली हजारो रेखाचित्रे आज ग्रीनिच येथील संग्रहालयात जतन केलेली आहेत. आणि हा कागदी व्यवहार आपल्या जहाजांपुरताच नव्हता. शत्रूचे चांगले जहाज हाती लागले की ते गोदीत घालून त्याच्या प्रत्येक वळणाचे माप घ्यावयाचे, असा त्यांचा परिपाठ असे. १७८२ साली 'हेबे' नावाची फ्रेंच फ्रिगेट इंग्रजांनी पकडली. तिच्या मापांवरून त्यांनी आपल्या 'लेडा' जातीच्या फ्रिगेटी बांधल्या. आमच्या टेबलावरचे जहाज याच जातीचे होते.

या जातीच्या फ्रिगेटींचा आपल्याशी संबंध आहे, आणि तो वरवरचा नाही. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत इंग्लंडात ओकच्या लाकडाचा तुटवडा पडला, तेव्हा १८१२ साली लेडा जातीची एक फ्रिगेट मुंबईच्या गोदीत सागवानी लाकडाची बांधावी, असा हुकूम झाला. तिचे आराखडे 'जावा' या जहाजावरून मुंबईस निघाले. वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ २९ डिसेंबर १८१२ रोजी अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या जहाजाने 'जावा'चा पराभव केला, आणि आराखडे जहाजाबरोबर नष्ट झाले. नवे आराखडे पाठवावे लागले, कामास विलंब झाला. परंतु काम थांबले नाही, कारण मूळ रेखाचित्र घरी सुरक्षित होते. मुंबईच्या गोदीचे मुख्य कारागीर जमशेटजी बमनजी वाडिया यांनी पारशी चालीप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी 'ट्रिंकोमाली' पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे.

'जावा'वर आराखड्यांखेरीज आणखी एक गोष्ट मुंबईस यावयास निघाली होती. ती म्हणजे सर थॉमस हिस्लॉप हा सेनापती. कागद बुडाले, सेनापती वाचला. पुढे १८१७ साली दक्षिणच्या इंग्रज फौजेचे आधिपत्य त्याच्याकडे आले आणि २१ डिसेंबरला त्याने महिदपूर येथे होळकरांच्या सैन्याचा मोड केला. 'ट्रिंकोमाली' पाण्यात उतरल्यापासून अवघ्या चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री आमच्या या शिरूरच्या छावणीतून निघालेली पलटण दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावास पेशव्यांच्या फौजेशी झुंजली. त्या छावणीतला कर्नल वॉलेस १८०९ साली येथेच वारला. त्याची कबर गावात आहे. समुद्राकडे पाठ करून बसलेल्या गावासही समुद्रावरून आलेली माणसे अशी टळत नाहीत.

हे सर्व मी मुलास मोठ्या रसाने सांगितले. सांगून झाल्यावर तो काही वेळ गप्प राहिला, आणि मग त्याने आपला खरा बेत उघड केला. त्याच्या शाळेत प्रदर्शन भरावयाचे होते. शाळेच्या सहलीत त्याने सिंधुदुर्ग पाहिला होता, आणि तेव्हापासून कान्होजी आंग्र्यांचे जहाज करून नेण्याचे त्याच्या मनात होते. "मामा, आता हे सगळं नीट झालंय. ह्यावर आपण भगवं निशाण लावू या, आणि खाली कान्होजी आंग्रे लिहू या. कोणाला काय कळणार आहे?"

कोणाला काय कळणार आहे! हा प्रश्न पोराचा आहे असे समजून हसण्यावारी नेता आला असता; पण मला तसे हसता आले नाही. आपल्या पूर्वजांची थोरवी सांगताना परक्याच्या जहाजावर आपले निशाण चढविण्याचा हा उद्योग शाळेतील मुलेच करतात असे नाही. मोठ्या माणसांच्या चित्रांत, चित्रपटांत आणि चौकातील देखाव्यांत मराठ्यांचे आरमार म्हणून जी जहाजे दाखविली जातात, त्यांपैकी पुष्कळांच्या तोफांच्या रांगा, उंच पिछाडी आणि नाळेवरच्या कोरीव मूर्ती सरळ युरोपातून उचललेल्या असतात. हेतू आदराचा असतो. पण परिणाम असा होतो की ज्या वस्तूविषयी आदर दाखवावयाचा ती वस्तूच नाहीशी होते. मी मुलास निशाण लावू दिले नाही. तो रुसला. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटले, "आपण खरी गुराब करू." तो म्हणाला, "तिचा नकाशा कुठे आहे?"

आणि येथे माझी पंचाईत झाली. कारण तिचा नकाशा नाही.

मराठ्यांच्या जहाजांविषयी लिखाण नाही असे नव्हे. कृष्णाजी अनंत सभासद यांनी १६९४ साली लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या आरमारातील गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे अशी नावे येतात. दर्यासारंग आणि मायनाक भंडारी हे सरदारही नावानिशी येतात. परंतु तरांडे आणि तारू यांत भेद काय, हे सभासद सांगत नाहीत. त्यांच्या वाचकास ते ठाऊकच होते. १७१५ च्या सुमाराचे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आरमाराची व्यवस्था बारकाईने सांगते. पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा; आरमाराचा खर्च बंदरांच्या जकातीवर टाकू नये, कारण त्याने व्यापारी नाडला जाईल; सागवान राज्यातील अरण्यांतून परवानगीने तोडावे; पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. जहाजाच्या फळीमागे उभ्या असलेल्या रयतेचा इतका विचार करणारा ग्रंथ मला दुसरा माहीत नाही. परंतु त्यातही गुराबीची लांबी-रुंदी नाही. डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ साली मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर आणि डॉ. भा. कृ. आपटे यांनी १९७३ साली मराठी आरमारावर परिश्रमपूर्वक ग्रंथ लिहिले. त्यांनाही रचनेकरिता पुष्कळ ठिकाणी परक्यांच्या वर्णनांचाच आश्रय घ्यावा लागला आहे.

या परक्यांत मुख्य रॉबर्ट ऑर्म. कंपनीच्या नोकरीत असलेल्या या इतिहासकाराचा ग्रंथ १७६३ पासून प्रसिद्ध होऊ लागला. आंग्र्यांविषयी त्याची दृष्टी शत्रूची आहे. पण शत्रूला भिणाऱ्या मनुष्याचे डोळे उघडे असतात. तो सांगतो की गुराबीस बहुधा दोन आणि क्वचित तीन डोलकाठ्या असत. तीन काठ्यांची गुराब सुमारे तीनशे टनांची, दोन काठ्यांची दीडशेची. ती लांबीच्या मानाने रुंद असे आणि थोड्या पाण्यात चाले. मध्यापासून पुढे ती निमुळती होत जाई, आणि इंग्रजी जहाजाच्या फुगीर छातीऐवजी तिला भूमध्यसमुद्रातील वल्ह्यांच्या जहाजांसारखी लांब, पुढे आलेली नाळ असे. मुख्य तुतक आणि नाळ यांच्या मध्ये एक आडवी भिंत. त्या भिंतीत दोन झरोके. आणि त्या झरोक्यांतून नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या नऊ ते बारा पौंडी दोन तोफा. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. गलबते याच घाटाची पण लहान, सत्तर टनांच्या आतली. त्यांना चाळीस-पन्नास वल्ही, आणि डोलकाठीहून उंच जाणारे एक मोठे तिकोनी शीड. पुष्कळ गलबतांचे तूतक वजन हलके राहावे म्हणून चिरलेल्या बांबूंचे असे.

हे वर्णन लढाईच्या पद्धतीशी जोडून वाचले म्हणजे प्रत्येक तपशिलाचा अर्थ लागतो. आंग्र्यांच्या मोठ्या काफिल्यात आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते असत. वारा असला तर ती शिडांनी धावत. वारा पडला तर गलबते वल्ही मारून गुराबांना ओढून नेत. इंग्रजी जहाजाचे सामर्थ्य त्याच्या कुशीत असे, कारण तोफांच्या रांगा तेथे. म्हणून हे त्याच्या पाठीशी जमत, नाळेवरच्या तोफांनी दुरून प्रथम त्याच्या डोलकाठ्या मोडीत, आणि जहाज लंगडे झाले की मग जवळ जात. अशा जहाजाला बाजूच्या तोफांच्या दोन-तीन रांगा आणि मनोऱ्यासारखी पिछाडी चढविणे म्हणजे शिकारी चित्त्याला हत्तीचे पाय लावणे होय. १६७९ साली खांदेरीच्या झगड्यात मराठ्यांच्या वल्ह्यांच्या लहान नौकांनी इंग्रजांस कसे जेरीस आणले आणि 'डोव्हर' नावाची त्यांची गुराबच कशी धरून नेली, हे पाहिले म्हणजे लहानपणा हा या आरमाराचा दोष नसून त्याचा विचार होता, हे पटते.

'इंग्रजांची गुराब' हे शब्द वाचकांस खटकले असतील. पण मुंबईकर इंग्रजांनी ही जात स्वतः बांधून वापरली, हे खरे आहे. शब्द मूळ अरबी 'गुराब', म्हणजे कावळा. इंग्रजांनी त्याचा 'ग्रॅब' केला. उलट, १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीस शिवाजी महाराजांची जहाजे बांधण्याच्या कामावर व्हिएगस नावाचे पोर्तुगीज बाप-लेक होते. वसईच्या पोर्तुगीजांनी फूस लावल्यावर ते निघून गेले. कारागिरी समुद्रावर अशीच इकडून तिकडे जात असते. तेव्हा गुराब ही कोठून काही न घेता उगवलेली वस्तू होती असे म्हणण्याची गरज नाही. ती आपल्या किनाऱ्याला बेतून घेतलेली होती, एवढे पुरे आहे.

ऑर्मच्या वर्णनातील एका वाक्याने आमच्या कामास वळण दिले. मुलाने पुठ्ठ्याची नाळ करून पाहिली होती, आणि फ्रिगेटीवरून उरलेल्या कठड्याचे तुकडे तिच्या दोन्ही कडांस लावून तो म्हणाला, "इथे कठडा द्यायचा राहिला होता, तो मी दिला." मी ऑर्म काढून पाहिला. समोरून लाटा आल्या की गुराब फार जोराने वरखाली होई. म्हणून तिच्या नाळेवरचे तूतक मुद्दाम उघडे ठेवीत, त्यास बाजू देत नसत, की चढलेले पाणी न अडता निघून जावे. म्हणजे जो कठडा आम्हांस उणा वाटला होता तो उणा नव्हताच. कठडा नसणे हाच तेथला तपशील होता. कोणा कारागिराने किंवा तांडेलाने बांधलेला कठडा लाटेने मोडून नेलेला पाहिला असेल, आणि पुढच्या गुराबीला तो दिला नसेल. रिकामी दिसणारी प्रत्येक जागा भरावयाची नसते. काही जागा रिकाम्या ठेवण्यासाठी कोणी तरी डोके खर्च केलेले असते. मी वर्गात कित्येकदा कागद नाहीत तेथे तर्काने भर घालून पुढे गेलो आहे. तेव्हा मीही असे किती कठडे लावले असतील, हा विचार त्या रात्री मला सुखाने झोपू देईना.

मग आम्ही आळीतल्या सुतारमिस्त्रींकडे गेलो. त्यांच्या वडिलांनी बैलगाड्या केलेल्या. ते स्वतः आता दारे-खिडक्या करतात. लांबी सापडत नाही, ही आमची अडचण ऐकून ते म्हणाले, "सर, लांबी नसंल तर ओझं सांगा. गाडी करताना आम्ही आधी इचारायचो, पोती किती भरणार?" ओझे ऑर्मने दिलेलेच होते. त्या काळच्या इंग्रजी हिशेबात कण्याच्या लांबीला रुंदीने आणि पुन्हा निम्म्या रुंदीने गुणून ९४ ने भागीत, म्हणजे टन निघत. ऑर्मचे टन याच हिशेबाचे धरले तर कणा ७३ फूट आणि रुंदी २८ फूट धरल्यास ३०४ टन येतात. पण कणा ८३ आणि रुंदी २६ धरल्यासही २९८ येतात. दोन्ही उत्तरे तीनशेच्या जवळचीच. लांबीच्या मानाने रुंद, या शब्दांवर भरवसा ठेवून आम्ही पहिले घेतले; पण ते अनुमान आहे, हे विसरता येईना. मिस्त्रींनी सागवानी तुकड्याचा नऊ इंचांहून थोडा अधिक कणा तासून दिला. फ्रिगेटीशेजारी ठेवल्यावर मुलाचा चेहरा उतरला. "एवढीच?" तो म्हणाला. मी त्याला पन्नास गलबतांची आठवण दिली. त्याचे समाधान झाले असे दिसले नाही.

पुढचा प्रश्न अधिक कठीण होता. पिछाडी कशी होती? बाजूस रंग कोणता? शिडांच्या आडव्या काठ्या कोणत्या डोलावर किती? आधारास दोन चित्रे आठवतात. विजयदुर्गच्या पाडावाचे चित्र डॉमिनिक सेरेस याने १७७१ साली रंगविले. पण तो तेथे नव्हता. सॉल्विन्स या फ्लेमिश चित्रकाराने कलकत्त्यास राहून आपल्याकडील नौकांची चित्रे काढली, त्यांत तीन डोलकाठ्यांची आणि टोकदार नाळेची गुराब आहे, आणि गुराबा मुंबईस बांधतात असे तो सांगतो. पण तोवर अठरावे शतक सरत आले होते आणि आंग्र्यांचे दिवस कधीच संपले होते.

मग मूळ जहाजे गेली कोठे? याचे उत्तर कोणाही मराठी माणसास सुखाने देता येणारे नाही. आपल्या कारागिरांनी कागद केला नाही हे खरे. त्यांचे माप हातात आणि डोळ्यात असे, बापाकडून मुलाकडे जाई, आणि समोर जहाज उभे असेपर्यंत कागदाची उणीव भासत नसे. जहाज हाच त्याचा नकाशा. परंतु म्हणूनच ज्या दिवशी जहाजे गेली त्या दिवशी नकाशेही गेले. तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीत नव्हते, आणि तंटा वाढत गेला, हे मान्य आहे. पण नानासाहेब पेशव्यांनी तो मिटविण्यासाठी १७५५ साली मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग गेला. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हची पलटण विजयदुर्गापुढे आली. जमिनीवरून पेशव्यांची फौज आली. पूर्वी इंग्रजांकडूनच घेतलेल्या 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर एक कुलपी गोळा, म्हणजे आत दारू भरलेला फुटणारा गोळा, पडला आणि आग लागली. गुराबा आणि गलबते किल्ल्याच्या आश्रयास एकमेकांजवळ बांधून ठेवलेली होती. एकीची आग दुसरीस लागत सारा काफिला जळाला. बांधावयास घेतलेली जहाजेही त्यातून सुटली नाहीत. 'हेबे' गोदीत घालून मापणारे इंग्रज. त्यांनीही या काफिल्याचे माप घेतले नाही, कारण मापावयास काही उरलेच नाही. आणि ही आग लागली तेव्हा पुण्याचे सैन्य डोंगरावर उभे राहून पाहत होते.

यानंतर मराठी आरमार संपले असे मात्र नाही. विजयदुर्गासच पेशव्यांचे आरमार आनंदराव धुळपांच्या हाताखाली उभे राहिले, आणि १७८३ च्या एप्रिलात त्यांनी रत्नागिरीजवळ इंग्रजांचे 'रेंजर' जहाज लढून घेतले. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटणच्या खाडीत खडकात केलेली जुनी गोदी आहे. ती आंग्र्यांच्या काळची मानतात. परंतु गोदी म्हणजे पाळणा. त्यावरून मूल कसे होते हे सांगता येत नाही.

अखेर आम्ही एक तोडगा काढला. जे भाग लेखी आधाराने केले, म्हणजे नाळ, तिच्यावरचे उघडे तूतक, आडवी भिंत आणि तिचे दोन झरोके, तोफा आणि तीन डोलकाठ्या, त्यांना रंग दिला. जे अनुमानाने केले, म्हणजे लांबी ठरविणारा मधला भाग, पिछाडी, सुकाणू आणि आडव्या काठ्या, ते कोऱ्या लाकडाचे ठेवले. भगवे निशाण मुलाने स्वतः शिवले, आणि ते मी आनंदाने लावू दिले. शेजारी ती फ्रिगेट ठेवली, तिच्या खऱ्या नावानिशी, आणि खाली मुंबईच्या गोदीचे आणि जमशेटजींचे नाव लिहिले. हे लिहिताना आणखी एक गोष्ट जाणवली. 'ट्रिंकोमाली'च्या कण्यातील खिळाही आपणांस ठाऊक आहे, पण मुख्य कारागिराखेरीज तो सागवान तासणाऱ्या शेकडो हातांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. तेथेही कोरे लाकूड आहेच. फक्त ते रंगाखाली झाकलेले आहे.

प्रदर्शनात आमच्या गुराबीस बक्षीस मिळाले नाही. एका परीक्षकांनी विचारले, "रंग संपला होता का?" मुलगा म्हणाला, "नाही सर. जेवढं माहीत आहे तेवढंच रंगवलंय." परीक्षक मान हलवून पुढे गेले. प्रथम क्रमांक सोनेरी मुलाम्याच्या एका भव्य जहाजास मिळाला. त्याच्या नाळेवर सिंहाचे मुख होते, आणि मुले त्याभोवती गर्दी करून उभी होती. परतताना भाचा फारसा बोलला नाही. मी त्याला एका खऱ्या बक्षिसास मुकविले, ही रुखरुख मला आहे, आणि ती शब्दांनी झाकण्याची माझी इच्छा नाही.

एवढे मात्र सांगावेसे वाटते की कोरे लाकूड हा पराभव नव्हे. अजिंठ्याच्या लेण्यातील चित्रावरून पाचव्या शतकातील शिवलेल्या फळ्यांचे जहाज पुन्हा बांधावयाचे काम भारतीय आरमाराने २०२३ साली हाती घेतले. त्याचाही आराखडा नव्हता; एका भिंतीवरच्या सपाट चित्रावरून सारे बेतावयाचे होते. केरळच्या कारागिरांनी काथ्याने फळ्या शिवल्या, गोव्यात ते बांधले गेले, आणि मे २०२५ मध्ये कारवार येथे 'कौंडिण्य' या नावाने ते आरमारात दाखल झाले. त्यातील पुष्कळ गोष्टी अनुमानाच्या आहेत, हे करणाऱ्यांनी लपविले नाही. आधी अनुमान म्हणून ते मांडले, आणि मग त्याची परीक्षा पाण्याकडे सोपविली. जे कोरे आहे ते कोरे म्हणून ज्याने पाहिले, त्यालाच पुढे ते शोधावयाचे सुचते. ज्याने त्यावर सोनेरी मुलामा दिला त्याचा शोध तेथेच संपला.

गुराब सध्या दौंडास, माझ्या बहिणीच्या घरी, खिडकीच्या फळीवर आहे. परवा मुलाचा फोन आला होता. उन्हाळ्याच्या सुटीत विजयदुर्गास जाऊन गिर्याची गोदी पाहावयाची, तिच्या तोंडाची रुंदी आणि भरतीच्या पाण्याची खोली मोजून आणावयाची, असे त्याने ठरविले आहे. त्यावरून पिछाडीचा घाट कळेल, अशी त्याला आशा वाटते. तो कळेल असे मला वाटत नाही; पण निदान किती पाण्याचे जहाज तेथे येऊ शकत होते, हे कळेल. टेप मी घेऊन यावी, असा मला हुकूम झाला आहे.